दलदली वनांचे आरोग्य आणि नोंदींचा इतिहास

प्रस्तावना

वनाचे आरोग्य तपासणे म्हणजे त्याच्या आजच्या स्थितीची पूर्वस्थितीशी तुलना करणे होय. पूर्वस्थितीची नोंदच नसेल तर तुलना कशाशी करावयाची, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात सह्याद्रीतील दलदली वनांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पाणी हाच निकष

आग्नेय आशियातील पीट दलदली वने अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थरावर उभी असतात. इंडोनेशियातील मध्य कालिमंतान प्रांतात १९९५-९६ पासून भातशेतीसाठी सुमारे दहा लाख हेक्टर क्षेत्रावर प्रकल्प आखण्यात आला व त्यासाठी कालवे खोदण्यात आले. पाण्याची पातळी उतरली, पीट वाळले आणि १९९७ च्या दुष्काळात ते पेटले. सह्याद्रीतील जायफळ कुळाच्या वृक्षांची दलदली वने अशा पीटवर उभी नाहीत. परंतु पाणी ढळले की वन ढळते, हा नियम त्यांनाही लागू पडतो.

उशिरा झालेल्या नोंदी

या वनांचे वर्णन कृष्णमूर्ती यांनी १९६० मध्ये त्रावणकोरच्या संदर्भात केले. १९६८ मध्ये चॅम्पियन व सेठ यांच्या वनवर्गीकरणात त्यांना स्थान मिळाले. गोव्यातील सत्तरी तालुक्यातील अशा देवराईचे वर्णन १९९५ मध्ये, तर महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांबर्डे (ता. दोडामार्ग) येथील वनाची शास्त्रीय नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे या २.५९ हेक्टर क्षेत्रास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तोपर्यंत हे वन देवराईच्या रूपाने टिकून होते. त्याची राखण ग्रामस्थांच्या श्रद्धेने केली, शास्त्रीय साहित्याला मात्र ते अपरिचित होते.

पुण्यातील अभ्यासकांनी या श्रद्धेचे मोल पूर्वीच ओळखले होते. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास करताना वनस्पतींसोबत त्यांच्याशी निगडित समजुती व निर्बंधही नोंदवले. ही दुहेरी नोंद आजच्या संनियंत्रणालाही मार्गदर्शक ठरावी.

मूल्यमापनाची दिशा

तीस मीटर आकाराच्या उपग्रह-चित्रचौकटींत २.५९ हेक्टर क्षेत्र जेमतेम एकोणतीस चौकटींत मावते. शिवाय जुने वृक्ष दीर्घकाळ हिरवे दिसतात. जायफळ कुळातील बी मात्र वाळताच उगवणक्षमता गमावते. म्हणून ओहोळ आटू लागल्याची खूण आधी रोपांत उमटण्याचा संभव असतो, वृक्षशिखरांत ती उशिरा दिसते. यास्तव उन्हाळ्यातील पाण्याची पातळी, रोपांची संख्या, आधारमुळांची स्थिती, वरच्या अंगाला पाणी वळवले गेले आहे काय आणि देवराईचे निर्बंध कितपत पाळले जातात, या पाच बाबी दरवर्षी त्याच जागी व त्याच ऋतूत नोंदवणे आवश्यक आहे.

समारोप

वारसा स्थळाचा दर्जा हे संरक्षणाचे साधन आहे. त्यावरून वनाची प्रकृती कळत नाही. त्रावणकोरच्या वर्णनापासून बांबर्डेच्या नोंदीपर्यंत अठ्ठावन्न वर्षे गेली. या काळात आपल्याकडील किती दलदली वने नोंदीविना नाहीशी झाली असतील, हे आता सांगता येणार नाही. जे उरले आहे त्याची पूर्वस्थिती म्हणजे आजची स्थिती होय. ती आज लिहून ठेवली नाही, तर पुढील पिढीच्या अभ्यासकांपुढे तुलनेसाठी काहीच राहणार नाही. पाण्याची पातळी मोजण्यास एक खुणेची काठी व एक वही पुरते. वनस्पतिशास्त्र, भूगोल व इतिहास या विभागांनी ग्रामस्थांच्या सहकार्याने हे काम हाती घेणे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.