कमोडखालचं शिसं

मागच्या वीकांताला भरपूर झोपायचं असं ठरवलं होतं. पण शुक्रवारी रात्री आई म्हणाली, "अरे, तुमच्या वरच्या संडासात बसलं की होडीत बसल्यासारखं वाटतं. आणि वासही येतोय." आई सध्या तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत आली आहे, आणि तिच्या नाकावर माझा स्मोक डिटेक्टरपेक्षा जास्त विश्वास आहे. खाली येऊन बघितलं तर स्वयंपाकघराच्या छतावर चहा सांडल्यासारखा तपकिरी गोल डाग. प्लंबरला फोन केला. त्याने तारीख दिली पुढच्या पंधरवड्यातली आणि आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही (बायको हे वाचते).

म्हटलं, आपणच करू. कमोड काढणं वाटतं तेवढं भयानक नसतं. पाण्याचा कॉक बंद करायचा, फ्लश करून टाकी रिकामी करायची, उरलेलं पाणी स्पंजने टिपायचं, बुडाशी दोन नट असतात ते सोडवायचे आणि मग कमोडला मिठी मारून उचलायचं. ही मिठी आयुष्यात कुणीच विसरत नसावं. खाली काळपटलेली मेणाची रिंग निघाली, आणि तिच्याखाली ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो फ्लँज.

फ्लँज म्हणजे मैल्याच्या पाइपच्या तोंडावर बसवलेली कडा. कमोडचे दोन बोल्ट तिच्या खाचांत अडकतात, मध्ये मेणाची रिंग दाबली जाते आणि कमोड व पाइप एकमेकांना घट्ट धरतात. आमचं घर १९५४ सालचं. फ्लँज बिडाचा, आणि एका खाचेपाशी तडकलेला. त्यामुळे एक बोल्ट नुसताच हवेत. कमोड डुगडुगला की मेण दाबलं जातं, पण मेण रबरासारखं परत उसळत नाही. एकदा फट पडली की पडली. सत्तर वर्षांत कुणी हात लावला नव्हता, कारण "चालतंय ना!" आमच्या ऑफिसातला निम्मा कोड याच तत्त्वावर उभा आहे.

खरी गंमत पुढे आहे. फ्लँज आणि पाइप यांच्यामधल्या फटीत राखाडी धातू ओतलेला होता. शिसं! शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात, आणि प्लंबर हा शब्द तिथूनच आलाय. म्हणजे हा मूळचा शिशाचं काम करणारा माणूस. मी ड्रिलने शिशाला भोकं पाडून (हातमोजे घालून, शिसं विषारी असतं) ते उचकटलं तर खालून डांबराच्या वासाचा, काळा, केसाळ दोर निघाला. त्याला ओकम म्हणतात. आधी ओकम ठोकून भरायचा, मग त्यावर वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. मुंबईतल्या जुन्या चाळींच्या मागच्या भिंतीवर जे बिडाचे जाड पाइप दिसतात त्यांचे सांधेही असेच, दोर आणि शिशाचे.

हा ओकमही मोठा इतिहासपुरुष आहे. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला तो लागायचा, आणि जुने डांबरलेले दोरखंड बोटांनी सोलून तो करायचे. एकोणिसाव्या शतकात हे काम इंग्लंडमधल्या कैद्यांना आणि अनाथालयवजा 'वर्कहाउस'मधल्या गरिबांना देत. नखं फुटायची, बोटं सोलवटायची. १८९५ साली शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डनेही तुरुंगात ओकम सोलला आहे.

असो. गुडघ्यांवर बसून शिसं उकरताना मला एक प्रश्न पडला. या पाइपमध्ये पाण्याला दाब नसतो. जे काही जातं ते आपल्या वजनाने खाली पडतं. मग त्याच्या सांध्याला एवढा बंदोबस्त कशाला?

उत्तर असं, की बंदोबस्त पाण्यासाठी नव्हताच. तो हवेसाठी होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या बहुतेक शहाण्या माणसांची खात्री होती की रोग दुर्गंधीतून होतात. लंडनमध्ये स्वच्छतेची चळवळ चालवणाऱ्या एडविन चॅडविकने तर १८४६ साली संसदेच्या समितीपुढे उग्र वास म्हणजेच रोग, अशा अर्थाची साक्ष दिली होती. मग घरातली घाण बाहेर काढा, गटारात सोडा, हे ओघानेच आलं. ती सगळी घाण थेम्समध्ये गेली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदी इतकी नासली की संसदेच्या खिडक्यांना क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवलेले पडदे लावावे लागले. खासदारांच्या नाकाला झोंबल्यावर पैसे झटपट मंजूर झाले आणि जोसेफ बॅझलजेटने लंडनची मोठी गटारं बांधली. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते.

पण त्यातून एक नवीच भीती जन्माला आली. पूर्वी घाण परसात असायची. आता ती पाइपने थेट शयनगृहाशेजारी जोडली गेली होती! अख्ख्या शहराच्या गटाराचं दुसरं टोक आपल्या घरात. १८७१ साली राजपुत्र एडवर्ड स्कारबरोच्या एका बंगल्यावर पाहुणा म्हणून गेला आणि टायफॉइडने मरता मरता वाचला. त्याच बंगल्यात उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड मात्र दगावला. एडवर्डचे वडील, प्रिन्स अल्बर्ट, १८६१ साली गेले तेही टायफॉइडने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. राजवाड्याचे पाइप जर फुटके, तर आपलं काय? 'गटारवायू' हा घरोघरी भीतीचा विषय झाला. लीड्सच्या प्रिजिन टील नावाच्या सर्जनने १८७८ साली एक सचित्र पुस्तकच काढलं. सुबक घरं, आणि कुठल्या सांध्यातून वायू आत शिरतो त्याची चित्रं.

आता तांत्रिक मुद्दा. कमोडच्या पोटात जे वळण असतं, त्यात साचलेलं पाणी गटारातली हवा अडवतं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली असल्या वळणाच्या संडासाचं पेटंट घेतलं. पण फ्लँजचा सांधा त्या वळणाच्या पलीकडे, गटाराच्या बाजूला असतो. तो गळका असला तर वळणात गंगा भरून ठेवा, उपयोग शून्य. म्हणून शिसं. तपासणीची युक्तीही झकास होती. एकाने छपरावर चढून पाइपच्या तोंडातून पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचं, दुसऱ्याने घरात प्रत्येक सांध्यापाशी हुंगत फिरायचं. ओतणाऱ्याने मात्र घरात यायचं नाही, कारण त्याच्या हातांचाच वास सगळीकडे पसरायचा. टेस्टर आणि डेव्हलपर वेगळे का असावेत याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मग सिद्धांतच कोसळला. टायफॉइडचा जंतू १८८० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, कॉलऱ्याचा रॉबर्ट कॉकने १८८४ पर्यंत पक्का केला. रोग वासातून नाही, घाण मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून पसरत होते. पण जुनी भीती लगेच गेली नाही. १८९६ साली मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षं सापडला होता, तरी पालिकेने गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुवायचा सपाटा लावला.

म्हणजे माझ्या घरातला सांधा एका चुकीच्या समजुतीतून जन्मला. पण सांधा चुकीचा नव्हता. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या टोलेजंग वसाहतीत सार्स पसरला, महिन्याभरात ३२१ रुग्ण. तपासात निघालं ते असं: बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते, कारण लोक फरशी धुण्याऐवजी पुसत होते. (आपल्याकडचे प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, आपल्या न्हाणीतलंच नाव.) एक्झॉस्ट पंखा लावला की मैल्याच्या पाइपमधले विषाणू भरलेले बारीक थेंब घरात ओढले जात. टील डॉक्टरांच्या चित्रांतला बाण शंभरेक वर्षं उशिरा खरा ठरला, फक्त त्यात वायू नव्हता, थेंब होते.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगत होतो. ती बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसली होती. मी मनगटापर्यंत पाइपमध्ये हात घालून चिंधीचा बोळा काढला (आत हत्यार पडू नये म्हणून कोंबलेला), तेव्हा ती म्हणाली, "आमच्या वाड्यात मागच्या बोळात टोपल्या होत्या. सकाळी एक बाई यायच्या. आम्हाला सांगितलेलं असायचं, त्या वेळी बोळाकडे जायचं नाही." थोडं थांबून म्हणाली, "इतकी वर्षं यायच्या. मला त्यांचं नाव माहीत नाही."

मला काही बोलायला सुचलं नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात एका कराचं नावच 'हलालखोर कर' होतं. पाणीपट्टीच्या शेजारी, जातीवाचक धंद्याच्या नावाने, अधिकृत. नाव पुढे बदललं. पण गटारवायू ज्यांना खरोखर मारतो ती माणसं अजूनही बहुतेक त्याच जातींतली आहेत. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, हवा सुधारली. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी मॅनहोलमध्ये गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या येतच असतात. लंडनच्या उच्चभ्रूंनी स्वतःच्या शयनगृहासाठी त्या वायूचा एवढा धसका घेतला, शिसं ओतलं, पेपरमिंट हुंगलं. सांध्याच्या पलीकडच्या माणसासाठी मात्र कुणी छपरावर चढलं नाही.

रविवारी दुपारी नवा फ्लँज बसवला. पीव्हीसीचा, रबरी गॅस्केटचा. जुन्या बिडाच्या पाइपच्या आत सरकतो आणि स्क्रू आवळले की फुगून घट्ट बसतो. ना ओकम, ना शिसं, वीस मिनिटांचं काम. कुजलेल्या प्लायवूडचा तुकडा बदलायला मात्र चार तास लागले. नवी मेणाची रिंग, पुन्हा मिठी, नट एकआड एक थोडे थोडे आवळले (एकाच बाजूने जोर लावला तर चिनी माती तडकते). पाच वेळा फ्लश करून बुडाभोवती टिश्यू पेपर फिरवला. कोरडा. शिशाचे तुकडे डब्यात भरून ठेवलेत, ते कचऱ्यात टाकायचे नसतात.

मग टेस्टरला बोलावलं. आई आत गेली, बसून पाहिलं, डावीकडे उजवीकडे झुकून पाहिलं, दोनदा हुंगलं. बाहेर येऊन म्हणाली, "हलत नाही. फिनेल कुठे ठेवलंय?"