फाइलीच्या वाटेवरची दोन दारं

मंडळी, आज फोटो पाठवायचा तर आपण स्क्रीनवर बोट लावतो, झालं काम. पण १९७१ साल डोळ्यासमोर आणा. अमेरिकेत अर्पानेटवर मोजकेच कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाची फाइल ठेवायची तऱ्हा वेगळी. तेव्हा एमआयटीत असलेल्या अभय भूषण यांनी (आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, बरं का!) १६ एप्रिलला एक मसुदा मांडला: आरएफसी ११४. एफटीपीची सुरुवात ती.

पुढे यात दोन कनेक्शनं ठरली. एकावर हुकूम, दुसऱ्यावर माल. गंमत अशी की जुन्या पद्धतीत मालाचं कनेक्शन सर्व्हर उघडतो, तुमच्याकडे! म्हणजे दुकानदारच येऊन तुमचं दार वाजवणार. मग घरोघरी राउटर आले, फायरवॉल आल्या, आणि बाहेरून पडणारी ही थाप दारातच अडायला लागली. त्यावर उतारा पॅसिव्ह मोडचा: दोन्ही वेळा आपणच सर्व्हरकडे जायचं.

हे सगळं प्रत्येकानं स्वतः लिहीत बसायचं का? स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गनं १९९८ मध्ये कर्ल आणलं, २००० मध्ये त्यातूनच लिबकर्ल ही लायब्ररी. ती आधी ईपीएसव्ही ही नवी आज्ञा देऊन बघते. सर्व्हरला कळली नाही तर जुनी पीएएसव्ही. आपण फक्त पत्ता द्यायचा. मला विचाराल तर खरी करामत या मुकाट्यानं केलेल्या कामात आहे.

एक दुखणं मात्र राहिलंच. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनं एफटीपी काढून टाकलं. लिबकर्लमध्ये ते अजून आहे, पण टीएलएस चालू केल्याशिवाय मी काही पासवर्ड टाकत नाही.