आपल्याच मुलखात व्हिसा : मसूरची बैलगाडी, कल्याणचं स्टेशन आणि आफ्रिकेची सरहद्द

सध्या आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्या पोरांच्या मोबाईलवर एक नवं वेड आलंय. आफ्रिकेतली तरुण मुलं-मुली पाठीवर एक सॅक टाकून, खिशात मोजके पैसे घेऊन, एकट्याने आपलाच खंड पालथा घालतात. त्यांचे व्हिडिओ आमची पोरं बघतात. नैरोबीच्या मटाटूत, दार-ए-सलामच्या दालादालात, अक्राच्या ट्रोट्रोत ही मंडळी दाटीवाटीने बसतात, रस्त्याकडेला मिळेल ते खातात, स्वस्तातली खोली शोधतात. कल्याण-डोंबिवलीच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर लटकणाऱ्या आमच्या पोरांना हा प्रवास आपलाच वाटतो, यात नवल नाही.

पण या प्रवासात एक अडथळा पुन्हा पुन्हा येतो. तो पैशाचा नसतो, सरहद्दीवरच्या खिडकीचा असतो. आफ्रिकेचा माणूस आफ्रिकेतच फिरतोय, तरी त्याला पावलोपावली व्हिसा मागितला जातो. नायजेरियाचे उद्योगपती अलिको डांगोटे हे त्या खंडातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून ओळखले जातात. आफ्रिकेत फिरायला आपल्याला ३५ व्हिसा काढावे लागतात, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. युरोपचा पासपोर्ट असलेला माणूस त्याच खंडात अनेक ठिकाणी त्यांच्यापेक्षा सहज आत जातो. जिथे अब्जाधीशाची ही गत, तिथे सॅकवाल्या पोराची काय कथा?

या रेषा आखल्या कुणी? १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपातल्या सत्ता एका टेबलाभोवती बसल्या आणि आफ्रिकेच्या वाटणीचे नियम त्यांनी ठरवले. त्या टेबलावर आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. पुढे देश स्वतंत्र झाले, पण रेषा राहिल्या आणि खिडक्याही राहिल्या. ज्यांच्या जमिनीवर रेषा ओढल्या, तेच त्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले.

आता आम्ही आमच्या तरुणांना एकच प्रश्न विचारतो. आपल्याच मुलखात व्हिसासाठी ताटकळणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याला आफ्रिकेपर्यंत जायची गरज आहे का? बाबासाहेबांनी १९३५ च्या सुमारास आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तिकेच्या रूपाने बाहेर आणल्या. नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. अमेरिका-इंग्लंडचे खरेखुरे व्हिसा-पासपोर्ट हाताळलेल्या माणसाने हे नाव द्यावं आणि आत गोष्टी सांगाव्यात त्या सातारा, बडोदा, चाळीसगाव, दौलताबादच्या! यातच सगळं आलं.

ही पुस्तिका आपण बहुतेक वेळा अत्याचाराची नोंद म्हणून वाचतो. आम्ही म्हणतो, ती एकदा प्रवासवर्णन म्हणून वाचा. प्रवाशाला लागतं तरी काय? वाहन, पाणी, रात्रीचा निवारा, आणि ‘तू कोण?’ या प्रश्नापासून सुटका. या चार गोष्टी बाबासाहेबांना कुठे कुठे मिळाल्या, ते ताडून बघा.

१९०१ साल. वडील रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगावी दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुमारे नऊ वर्षांचे बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे सुट्टीत वडिलांकडे निघाले. अंगावर नवे कपडे, पहिल्याच रेल्वे प्रवासाचा आनंद. मसूर स्टेशनावर उतरले तर घ्यायला कुणी आलेलं नाही. पत्र वडिलांपर्यंत पोहोचलंच नव्हतं. नीटनेटकी मुलं बघून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. पोरांनी ‘आम्ही महार’ म्हणताच त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले बरेच होते, पण एकही तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने शेजारून चालायचं! सोबत खायला होतं, पण प्यायला पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर जात लपवून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. डबा भरलेला असूनही पोरं उपाशी झोपली.

१९१७ साल, बडोदा. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आला आणि त्याला राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची होती. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, दोन्हीकडून नकार आला. मग सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

१९२९ साल, चाळीसगाव. आता ते बॅरिस्टर आहेत, सरकारी समितीचे सदस्य आहेत. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा वस्तीतला माणूस हाकायला बसला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि पाय मोडला. १९३४ मध्ये दौलताबादला किल्ला बघायला गेलेल्या आपल्या मंडळींनी दारातल्या हौदावर तोंड धुतलं, म्हणून हौद बाटल्याचा गिल्ला झाला. तिथे ओरडणारे मुसलमान होते, बडोद्याला काठ्या घेणारे पारशी होते. जातीचा विटाळ धर्माची कुंपणं ओलांडून कसा पसरतो, तेही इथे दिसतं.

या चारही प्रवासांत एक गोष्ट समान आहे. पैसा कुठेच कमी पडलेला नाही. मसूरला दुप्पट भाडं दिलं, बडोद्याला खोलीचं भाडं दिलं, चाळीसगावला टांग्याचं दिलं. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की ‘गरिबी गेली की जात जाते’, तेव्हा त्याला या प्रवासांचा हिशेब विचारा. आफ्रिकेतला सॅकवाला कमी पैशांत फिरतो ही त्याची अडचण आहे. पण डांगोटेंना लागणारे व्हिसा आणि बाबासाहेबांना नाकारलेला टांगा सांगतो की खरा अडथळा वेगळाच आहे. तुमच्या ओळखीवर लावलेली बंदी पैशाने उठत नाही.

इथे आमचे काही मित्र लगेच म्हणतील, ‘पण रेल्वेने जात मोडली ना?’ हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यालाच आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तिथून एक फाटा कसारा-इगतपुरीकडे गेला, दुसरा कर्जत-पुण्याकडे. त्याच १८५३ साली कार्ल मार्क्सने लंडनहून लिहिलं होतं की रेल्वेतून येणारा आधुनिक उद्योग जातीचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढेल. मार्क्स अगदीच चुकला असं आम्ही म्हणणार नाही. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तिकीट सगळ्यांना मिळत होतं. पण त्याच रेल्वेच्या स्टेशनांवर पाणी पाजायला वरच्या जातीचे पाणीपांडे नेमले जात होते. आणि बाबासाहेबांना रेल्वेने मसूरला, चाळीसगावला सुखरूप आणून सोडलंच होतं. छळ सुरू झाला तो फलाट सोडल्यावर. रूळ इंग्रजांचे होते, स्टेशनापासून गावापर्यंतची वाट मात्र गावाच्या मालकीची होती.

त्या वाटेचा आणखी एक क्रूर विनोद बघा. वतनदार महाराचं काम काय होतं? येणाऱ्या अंमलदाराला वाट दाखवायची, त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहायचं, टपाल न्यायचं. म्हणजे मुलखातली प्रत्येक पायवाट, प्रत्येक खिंड आमच्या बापजाद्यांना तोंडपाठ. वाटाड्ये आम्ही, हमाल आम्ही, फक्त प्रवासी आम्ही नव्हतो. धर्मशाळेच्या पायरीपर्यंत ओझं आणायचं आणि रात्र उघड्यावर काढायची! ते वतन कायद्याने गेलं १९५८ साली.

ही वाट कायमच अशी होती का? आपल्या कल्याणचाच जुना इतिहास काढू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं अडुलिस आहे, आणि ‘कल्लिएना’ या नावाने आपलं कल्याणही आहे. आफ्रिका आणि कल्याण एकाच सागरी वाटेवर होते. आणि कल्याणची माणसं त्या काळात काय करत होती? कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख वाचा. कल्याणच्या एका सोनाराने तिथे पाण्याची सोय दान केली. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. राजाने नव्हे, हातावर पोट असलेल्या कारागिरांनी! तो काळ विषमतेपासून मुक्त होता, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पण आल्या-गेल्याला पाणी आणि वाट देणं हे पुण्य मानणारी एक परंपरा याच मातीत होती आणि ती बुद्धाची होती, हे दगडात कोरलेलं आहे. त्याच मातीत पुढे पाणी राखणं आणि वाट अडवणं हा धर्म झाला. तो कुणी केला, हे या वाचकांना वेगळं सांगायला नको.

ही अडवलेली वाट पुन्हा खुली केली ती चळवळीने. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. त्यात सार्वजनिक पाणवठे आणि विहिरींसोबत धर्मशाळाही होत्या. कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत न्यायला २० मार्च १९२७ ला महाडला चालत जावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणपलीकडच्या बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचं अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवलं. म्हणजे त्याच रेल्वेच्या एका स्टेशनावर सन्मानाने स्वागत आणि दोन वर्षांनी दुसऱ्या स्टेशनावर टांगा नाही. एखाद्या गावाच्या चांगुलपणावर हक्क सोडून चालत नाही, तो कायद्यात लिहावा लागतो. म्हणूनच संविधानाचा अनुच्छेद १५ उघडा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते. ही यादी वाचताना आम्हाला तरी मसूर, बडोदा, महाड आणि दौलताबाद दिसतात. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली आणि अनुच्छेद १९ ने देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला. आमचा व्हिसा बाबासाहेबांनी संविधानात लिहून ठेवलाय.

आफ्रिकेची लढाईही अशीच झाली. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला आपल्याच देशात फिरायला पासबुक जवळ ठेवावं लागे. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला त्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि ६९ माणसं मारल्याची नोंद झाली. ते पासचे कायदे जायला १९८६ उजाडलं. आज रवांडासारख्या देशांनी सर्व आफ्रिकनांना व्हिसाची अट काढून टाकलीय. खिडक्या हळूहळू उघडतायत. त्या आपोआप उघडत नाहीत.

‘आता कोण जात विचारतं?’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो. आमच्यातला एक पोरगा मागच्या पावसाळ्यात एकटाच एका गडावर गेला. पायथ्याच्या गावात रात्रीपुरती खोली मागितली. नाव सांगितलं. ‘पूर्ण नाव?’ आडनाव सांगितलं. ‘कुठल्या गावचे? तिथल्या कुठल्या आळीतले?’ मग खोली भरली असल्याचं कळलं. पोरगा एसटी स्टँडवर झोपला. मसूरला स्टेशनमास्तरने एका प्रश्नात जे काढून घेतलं, ते आता तीन प्रश्नांत काढून घेतात. एवढीच काय ती प्रगती! आमच्या मुलींना तर या तीन प्रश्नांआधी आणखी दहा प्रश्न विचारले जातात, आणि त्यातले काही आपल्याच घरात.

पण बोट फक्त बाहेर दाखवून भागणार नाही. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात आफ्रिकेतली माणसं राहतात. लोकलमध्ये त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहते ती का? ‘निग्रो’, ‘काळ्या’ म्हणून हसणाऱ्यांत आपली पोरं नसतात का? उद्या व्हिडिओतला तो सॅकवाला कल्याण स्टेशनाबाहेर उतरला, तर त्याला रिक्षा, पाणी आणि खोली देताना आपण टांगेवाला होणार की कान्हेरीला दान देणारा सोनार? जयभीम म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावंच लागेल.

आमच्या तरुणांना आमचं सांगणं आहे : फिरा. पॅसेंजरने फिरा, एसटीने फिरा, एकट्याने फिरा. फिरणं ही श्रीमंतांची हौस आहे, असं म्हणून ते सोडून देऊ नका. ज्या समाजाला वाट दाखवायला लावलं पण वाटेवर चालू दिलं नाही, त्याने फिरणं हे हक्क बजावणं आहे. आडनाव लपवू नका. खोली नाकारली तर गप्प परत येऊ नका. लिहा, तक्रार करा, आम्हाला कळवा.

आणि ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री कल्याणच्या फलाटावर या. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या गाड्या तिथे थांबतात. पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, पिशवीत बांधलेली भाकर. याच लोकांना ‘फुकटे’ म्हणून हिणवलं जातं. आम्ही त्या खिडक्यांतून पाण्याच्या बाटल्या आत देतो. तेव्हा कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. मसूरच्या नाक्यावर त्या पोरांना हवं होतं ते एवढंच.

जयभीम!