कूपर ब्लॅक : एका गुबगुबीत फॉन्टच्या दोन तारखा

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. वर कूपर ब्लॅक या फॉन्टचा नमुना आणि खाली ओळ : '१९७०च्या दशकातला खेळकर फॉन्ट'. गाईडनी एवढंच विचारलं, "हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनी पोस्टर्स बघून मी अंदाज ठोकला होता. नंतर शोधलं, तर माझी तारीख जवळजवळ पन्नास वर्षांनी चुकलेली!

कूपर ब्लॅक बाजारात आला १९२२ साली. ऑस्वाल्ड कूपर हा शिकागोचा अक्षरकार. 'बर्त्श अँड कूपर' ही त्याची भागीदारीतली संस्था जाहिरातींसाठी अक्षरं आणि मांडणी करून द्यायची. 'बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर' या तिथल्याच खिळे ओतणाऱ्या कंपनीसाठी त्याने हा फॉन्ट काढला. गरज होती जाहिरातीची, मथळा गर्दीत उठून दिसण्याची. म्हणून रेघा जाड, अक्षरांच्या आतली पोकळी लहान, टोकं गोल. मोठ्या आकारात तो शोभतो. त्यात अख्खा परिच्छेद छापला तर वाचवत नाही. तो इतका चालला की लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने त्याला उत्तर म्हणून १९२५ मध्ये 'गाउडी हेवीफेस' आणला. गंमत म्हणजे तो काढणारा फ्रेडरिक गाउडी हा कूपरचाच शिक्षक!

मग 'खेळकर' हा अर्थ आला कुठून? यात तंत्राचा मोठा वाटा आहे. शिशाचा प्रत्येक खिळा म्हणजे स्वतंत्र ठोकळा. दोन अक्षरं एका मर्यादेपलीकडे जवळ आणायची तर धातू कापावा लागतो. १९६०च्या दशकात फोटोटाइपसेटिंग आणि कागदावर घासून उमटवायची लेट्रासेटची अक्षरं रुळली आणि ही अडचण संपली. जाड, गोल अक्षरं एकमेकांना खेटून बसवता येऊ लागली. १९६६ मध्ये बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स' अल्बमच्या मुखपृष्ठावर हाच फॉन्ट दिसतो. पुढे तो पोस्टर्सवर, टी-शर्टवर पसरला. कूपर मात्र १९४० मध्येच वारला होता. आपण ज्याला 'कूपर ब्लॅकचा स्वभाव' म्हणतो, तो बराचसा त्याच्या पश्चात घडलेला आहे.

मी मूळची विज्ञानाची विद्यार्थिनी. लॅबमध्ये नमुना कधी गोळा केला आणि कधी तपासला, या दोन तारखा आपण कधीच एकत्र करत नाही. इतिहासात मात्र मी नेमकं तेच केलं : वस्तू कधी तयार झाली आणि तिला आजचा अर्थ कधी चिकटला, हे एकच धरलं.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर प्रत्येक वस्तूपुढे या दोन तारखांसाठी दोन रकाने आखा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर घाबरू नका. कदाचित तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडेल.