मलिक अंबर आणि अॅडमिनचं अकाउंट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागचा शनिवार सर्व्हरने खाल्ला, आणि रविवारी भडकल गेटवरून जाताना मलिक अंबर आठवला. संबंध काय? सांगतो...

आमचा जुना अॅडमिन नोकरी सोडून गेला. मी त्याच्या अकाउंटचा पासवर्ड लॉक केला आणि निवांत झालो. दोन दिवसांनी लॉग बघतो तर त्याच नावाने लॉगिन चालूच! पासवर्ड लॉक केला तरी एसएसएचची किल्ली चालते, हे मी विसरलो होतो. मग अकाउंटच एक्स्पायर करून टाकलं. तीन दिवसांनी कळलं की रात्रीचा बॅकअप बंद आहे. बॅकअपची स्क्रिप्टच त्याच्या किल्लीने आत येत होती! साहेब म्हणाले, "आत्ता चालू करून टाक, नंतर बघू."

इथेच मला निजामशाही आठवली.

१६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि बुडती निजामशाही सावरली. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला नहरीचं पाणी दिलं, जमीन महसुलाची घडी बसवली. गादी राजाची, पण सगळ्या परवानग्या अंबरकडे. माणूस कर्तबगार होता म्हणून निभावलं.

१६२६ मध्ये अंबर गेला आणि तेच अधिकार मुलाकडे, फत्तेखानाकडे आले. निजामशहाला धास्ती वाटली, त्याने फत्तेखानाला कैदेत टाकलं. पण कारभार काही सावरेना. शेवटी त्यालाच सोडून परत सत्ता दिली. फत्तेखानाने आधी राजाला संपवलं, लहानग्या हुसेनला गादीवर बसवलं, आणि १६३३ मध्ये वेढा पडल्यावर दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला.

म्हणजे अधिकार काढून घेतले, पण त्या अधिकारावर चालणारी कामं दुसऱ्या कुणाकडे सोपवलीच नाहीत. मग अडलं की परत त्याच्याच दारात!

युनिक्सवाल्यांनाही हा प्रश्न पडला होताच. रूट म्हणजे सर्वेसर्वा, आणि त्याचा पासवर्ड चार जणांना दिला की संपलंच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिलं. अख्खं राज्य द्यायचं नाही, नेमून दिलेल्या कामापुरता शिक्का द्यायचा, आणि कोणी कधी वापरला त्याची नोंद ठेवायची.

मी तेच केलं. साहेबांकडून एक दिवस मागून घेतला. बॅकअपसाठी वेगळं अकाउंट, त्याची वेगळी किल्ली, सुडोच्या फाइलमध्ये त्या एकाच कमांडची परवानगी. रात्री बॅकअप झाला, सकाळी रिस्टोअर करून बघितला, आणि जुनं अकाउंट बंदच ठेवलं.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या सर्व्हरवर किती फत्तेखान आहेत, तेवढं मोजून बघा.