गोधडी आणि शिलाईचे यंत्र

शालू-पैठण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या गोधडीच्या उबेत आपणां सर्वांचे बालपण गेले, तिचा इतिहास लिहून ठेवावा असे फारसे कोणास वाटले नाही. गाडगे महाराजांना (१८७६-१९५६) लोक 'गोधडेबुवा' म्हणत, यावरून गरिबाच्या घरी या वस्त्राचे स्थान काय होते ते ध्यानी यावे. या गोधडीच्या घरी यंत्र आले तेव्हा काय घडले, ते ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या लहानपणी धानोऱ्यास दुपारची जेवणे उरकली की ओसरीवर जुनी लुगडी व धोतरे पसरली जात. एकावर एक थर रचून, तळहाताने सुरकुत्या सारून, स्त्रिया कडेपासून धावदोरा घालीत आणि चौकोनामागून चौकोन पुरे करीत मध्यापर्यंत येत. एका गोधडीस कित्येक दुपारी लागत. डोळे शिणत, बोटांना भोके पडत. पण त्या श्रमाला कोणी श्रम म्हणत नसे.

शिलाई यंत्राचा जन्म परदेशातला. फ्रान्समध्ये तिमोनिए यांनी १८३० साली अशा यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा आपला धंदा बुडेल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्यांच्या कारखान्यातील यंत्रे फोडली. पुढे अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली टोकाशी भोक असलेली सुई व दोन दोऱ्यांचा टाका यांचे पेटंट मिळविले आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या सुधारलेल्या यंत्राचे. महात्मा गांधींनी १९२४ साली यंत्रांची चर्चा करताना सिंगरच्या यंत्राला आवर्जून अपवाद मानले होते. कारण स्त्रीचे कष्ट वाचावेत या प्रेमभावनेत त्यांना त्याचे मूळ दिसले. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची 'उषा' यंत्रे निघाली आणि देशी यंत्र मध्यम स्थितीतील कुटुंबांत येऊ लागले.

आमच्या घरी यंत्र आले ते १९७२ च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, कापसाच्या पैशांतून. आम्ही तेव्हा चौथीत होतो. पोलकी, झबली, पिशव्या यांत मातोश्रींचा हात लवकरच बसला. मग थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी त्यांनी यंत्रावर गोधडी शिवावयास घेतली. लुगड्याच्या जाड काठावर सुई तीनदा मोडली. वरचा पदर मध्यभागी फुगून त्याच्या चुण्या पडल्या. वडील म्हणाले, "यंत्र मोडून बसशील." आणि आम्हीही, चार बुके शिकल्याच्या तोऱ्यात, आईला यंत्र कळत नाही असे म्हणून हसलो. मातोश्रींनी उत्तर दिले नाही. ती अर्धी गोधडी घडी करून पेटीत गेली. बहिणीच्या बाळासाठी त्यांनी दुसरी गोधडी हाताने शिवली.

त्या निवर्तल्यावर पेटी उघडली तेव्हा ती गोधडी हाती आली. आमच्या सूनबाईंनी ती निरखून सांगितले की, दोष शिवणारीचा नव्हता. यंत्राचे दाते खालचे कापड पुढे ओढतात, तर वरचा पाय कापड दाबून धरतो. त्यामुळे प्रत्येक टाक्यागणिक वरचा पदर किंचित मागे रेंगाळतो. हाताने शिवताना तो ढिलेपणा तळहात वरचेवर सारून टाकतो. यंत्रावर मात्र कडेकडून आत शिवीत गेल्यास तो सर्व मध्याकडे ढकलला जातो व त्यास बाहेर पडावयास वाट उरत नाही. ओसरीवर जी रीत बरोबर होती, तीच यंत्रावर अडचणीची ठरली.

सूनबाईंनी सर्व शिवण उसवली, जाड काठ कापून काढले आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर पक्के धरले. यंत्रास अठरा नंबरची सुई लावली, टाका लांब केला, पायाचा दाब कमी केला. दोन्ही बाजू गुंडाळून त्यांनी मध्यापासून कडेकडे शिवीत नेले. गोधडीचे ओझे सुईला ओढू नये म्हणून शेजारी मेज लावले व दुसरे टोक धरावयास आम्हांस उभे केले. तीन दिवसांत गोधडी पुरी झाली. त्या म्हणाल्या की, हे जुने सुती कापड होते म्हणून जमले. आजच्या गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या साड्या याहून अधिक सरकतात.

आयुष्यभर आम्ही वर्गात मुलांच्या चुका तपासल्या. घरातली ही चूक मात्र तपासावयाची राहिली. यंत्र घरात आणून दिले की कर्तव्य संपले, असे आम्हां पुरुषांस वाटत आले आहे. ते चालविणारीला काय अडते, हे तिच्याजवळ बसून विचारणारे थोडेच. आपल्या घरोघरी अशी एखादी अर्धी गोधडी पेटीत असेल. जिने ती शिवावयास घेतली ती माउली हयात असेल, तर या हिवाळ्यात ती तिच्यासमोर उलगडावी, एवढीच आमची विनंती आहे. आम्हांस ती संधी राहिली नाही.