परभणी परिसरातील आडनावे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
आडनाव हे व्यक्तीच्या ओळखीचे तसेच इतिहासाचेही साधन आहे. परंतु आडनाव ऐकताच जात ताडण्याची सवय आपल्या समाजात इतकी रुजली आहे की, त्यात दडलेला इतिहास दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात परभणी परिसरातील आडनावांच्या आधारे या सवयीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

हुद्द्यावरून आलेली आडनावे :
परगण्याचा प्रमुख देशमुख व तेथील हिशेब ठेवणारा देशपांडे. गावचा प्रमुख पाटील व गावचे दप्तर सांभाळणारा कुलकर्णी, अशी मध्ययुगीन दख्खनची व्यवस्था होती. वतन वंशपरंपरेने चालत असल्याने हुद्दाच घराण्याचे नाव बनला. स्कॉटलंडमध्येही राजाच्या कारभाऱ्याचा 'स्टुअर्ड' हा हुद्दा 'स्टुअर्ट' या आडनावात रूपांतरित झाला आणि १३७१ मध्ये हेच घराणे राजपदावर आले. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. त्यानंतर महसूल वसुलीचे काम सरकारी अधिकाऱ्यांकडे गेले आणि देशमुख-देशपांडे यांच्याकडे रुसूम तेवढा राहिला. पुढे वतनेही संपली, आडनावे मात्र टिकली.

गावावरून आलेली आडनावे :
पाथरीकर, जिंतूरकर, सेलूकर, गंगाखेडकर, वरपूडकर, दुधगावकर ही आडनावे गावांशी नाते सांगतात. काही वेळा त्यामागे त्या गावचे वतन असते, तर बहुधा स्थलांतर असते. पाथरीत राहणाऱ्यास पाथरीकर म्हणण्याचे कारण पडत नाही. गाव सोडून अन्यत्र वस्ती केल्यावर तेथील लोक त्यास मूळ गावाच्या नावाने ओळखू लागतात. म्हणजेच असे आडनाव सोडलेल्या गावाचे असले तरी ते देते नवे गाव.

आडनावाविना ओळख :
गंगाखेडच्या संत जनाबाईंनी आपली ओळख आडनावाने नव्हे, तर संत नामदेवांशी असलेल्या नात्याने सांगितली. परभणीत वास्तव्य केलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३-१९५३) हे मराठी साहित्यात 'बी. रघुनाथ' म्हणून चिरपरिचित झाले. या नावात वडिलांचे नाव आहे, वतनाचे नाही.

निष्कर्ष :
देशमुख हे आडनाव मराठा, ब्राह्मण व मुस्लीम अशा भिन्न समाजांत आढळते. पाटील या आडनावाची व्याप्ती त्याहूनही मोठी आहे. यावरून आडनाव हे प्रामुख्याने काम, गाव वा नाते यांची नोंद असून ते जातीचा निर्णायक पुरावा ठरू शकत नाही, हे स्पष्ट होते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने आडनावाचा आधार जरूर घ्यावा. मात्र सनदा, महजर व गावचे दप्तर यांच्याशी ते ताडून पाहिल्याविना निष्कर्ष काढू नये. वर्गात हजेरी घेताना नव्या विद्यार्थ्याचे आडनाव उच्चारताच आपल्या मनात जे अनुमान उमटते, त्यासही हाच नियम लागू करणे हे अध्यापक म्हणून आपले कर्तव्य आहे.